उरलेल्या चार एकरांचं काय?

रावेर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव, गाव आणि गट नंबर गाळून त्याचा गोषवारा देतो.

वय ५२. वडिलोपार्जित साडेपाच एकर, सगळी केळी. दोन भाऊ, दोन बहिणी. वडील जाऊन सहा वर्षं झाली, वाटणी झालेली नाही, सातबाऱ्यावर चौघांची आणि आईची नावं आहेत. चौपदरी राष्ट्रीय महामार्ग शेताच्या मधून जातो आहे आणि त्यात ५८ आर जमीन जाते. पूर्वेला सव्वा एकर राहतं, तिथे विहीर आहे. पश्चिमेला पावणेतीन एकर राहतं, तिथे बाग. मोबदल्याचा निवाडा झाला, त्यात जमीन जिरायत धरली आहे. पैसे उचला आणि साठ दिवसांत ताबा द्या, अशा नोटिसा आल्या आहेत. गावच्या कृती समितीने ठरवलंय की कुणीही पैसे उचलायचे नाहीत, कारण पैसे घेतले की हक्क संपला. धाकटा भाऊ म्हणतो, आधी बहिणींची हक्कसोड, म्हणजे हिस्सा सोडल्याचा लेख, घ्या. मुलगा म्हणतो, घेऊन टाका, उरलेल्या तुकड्यावर ढाबा टाकू. पत्रात शेवटी लिहिलंय, "झोप उडाली आहे. गावाशी गद्दारी करू की घराशी? शेतातल्या दोन खोल्याही जाताहेत, तिथे आमचा सालदार राहतो."

भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली. ५८ आर म्हणजे दीड एकराला थोडं कमी. पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एकरी साधारण १,७४० खोडं बसतात, म्हणजे रस्त्यात तुमची अडीच हजार खोडं जातात. हे तुम्ही केव्हाच मोजलं असणार. पण चार पानी पत्रात भाव आहे, समिती आहे, हक्कसोड आहे, ढाबाही आहे. विहीर रस्त्याच्या एका अंगाला आणि बाग दुसऱ्या अंगाला पडते, यावर मात्र एकच वाक्य. मला तर तेच वाक्य सगळ्यात महागाचं वाटलं. त्याकडे येतोच, पण आधी तुमची झोप उडवणारी गोष्ट घेऊ.

पैसे घेतले की हक्क संपतो, ही समजूत हवेतून आलेली नाही. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यात तसंच होतं. हरकत न नोंदवता रक्कम उचलली की वाढीव मोबदला मागायचा रस्ता बंद. धरणांच्या काळात खान्देशातल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी कोऱ्या जागी अंगठे उठवले आणि मग आयुष्यभर कपाळाला हात लावला. तुमच्या समितीतल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ती आठवण आहे, तिला हसू नका. पण तुमची जमीन राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ खाली जाते आहे आणि तिथली गाडी कशी चालते ते त्यांना नीट सांगा. कलम थ्री-एची अधिसूचना म्हणजे संपादनाचा इरादा. त्यावर २१ दिवसांत हरकत घ्यायची असते. थ्री-डी झालं की जमीन केंद्र सरकारची झाली, तुमचा चेक बँकेत असो वा नसो. थ्री-जी म्हणजे निवाडा. मोबदल्याची रक्कम सरकारने जमा केली आणि साठ दिवसांची मुदत संपली की ताबा घेता येतो, गरज पडली तर पोलिसांच्या मदतीने. पैसे न उचलल्याने यातलं काहीही थांबत नाही. रक्कम तिकडे पडून राहते आणि कर्ज मात्र तुमच्या घरात वाढतं.

निवाडा मान्य नसेल तर केंद्राने नेमलेल्या लवादाकडे अर्ज करायचा. आपल्याकडे लवाद म्हणजे सहसा जिल्हाधिकारी किंवा विभागीय आयुक्तालयातले वरिष्ठ अधिकारी. पैसे उचलूनही हा अर्ज करता येतो, मात्र उचलताना लेखी द्या: "ही रक्कम मी माझे सर्व हक्क राखून आणि निषेध नोंदवून स्वीकारत आहे, वाढीव मोबदल्यासाठी लवादाकडे जाणार आहे." कचेरीत याला अंडर प्रोटेस्ट म्हणतात. त्या कागदाची शिक्क्यासह पोच घ्या. 'मोबदला मान्य असून यापुढे तक्रार नाही' असं छापलेलं संमतिपत्र पुढे आलं तर सही करू नका. लवादाने रक्कम वाढवली तर वाढलेल्या रकमेवर ताबा घेतल्यापासून ९ टक्के व्याज देण्याची तरतूद आहे. लवादाकडे जायला मात्र उशीर करू नका.

म्हणजे गद्दारीचा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा उरत नाही. समितीच्या बैठकीत उठून एवढंच म्हणा की सगळ्यांनी मिळून निषेध नोंदवून पैसे घेऊ आणि सगळ्यांनी मिळून लवादाकडे जाऊ. चोरून एकट्याने चेक वटवणारा गावाच्या मनातून उतरतो. चारचौघांत सांगून, कागद दाखवून घेणाऱ्यावर चार दिवस राग राहतो, पाचव्या दिवशी दोघे तोच कागद मागायला येतात.

आता विहीर.

मी महसूल खात्यात नोकरीला असताना एक गृहस्थ भेटायचे. त्यांच्या पट्ट्याला भाव बरा मिळाला होता, शेजारी हेवा करायचे. भराव चढला, त्यांची पाण्याची लाईन तुटली. महामार्ग खोदून पाईप न्यायचा तर वेगळी परवानगी लागते आणि ती वैशाखात झटपट मिळत नाही. बागेचं पाणी मे महिन्यात तुटलं की काय होतं ते रावेरकराला मी काय सांगणार. पुढच्या वर्षी त्यांनी पलीकडचा तुकडा शेजाऱ्याला मिळेल त्या भावाने दिला. मोबदल्यात मिळालेलं सगळं त्या एका व्यवहारात गेलं. त्यांच्या निवाड्यावर जमीन तुटल्याच्या नुकसानीचा रकाना होता, त्यात शून्य लिहिलेलं होतं. त्यांनी तो रकाना वाचलाच नव्हता.

तो रकाना कायद्यातच आहे. कलम थ्री-जीच्या सातव्या पोटकलमात लिहिलंय की मोबदला ठरवताना थ्री-ए प्रसिद्ध झाल्या दिवशीचा बाजारभाव तर धरायचाच, शिवाय जमीन उरलेल्या जमिनीपासून तुटल्याचं नुकसान, तुमच्या इतर स्थावर मालमत्तेला किंवा कमाईला बसणारा फटका आणि घर किंवा धंद्याची जागा बदलावी लागली तर त्याचा रास्त खर्चही धरायचा. तुमच्या निवाड्याची पूर्ण प्रत प्रांत कचेरीतून काढा आणि या तीन गोष्टींपुढे काय लिहिलंय ते बघा. काही नसेल तर लवादाकडच्या अर्जात पहिला मुद्दा हाच घ्या, एकरी भाव दुसरा. मागणीला कागदाचा आधार हवा. पश्चिमेच्या पावणेतीन एकरासाठी नवी बोअर, पंप, विजेचं कनेक्शन आणि नव्याने ठिबक जोडणं, या सगळ्याचं लेखी कोटेशन घ्या. बाग एक हंगाम तशीच राहिली तर किती बुडतं, याचा आकडा मागच्या तीन वर्षांच्या विक्रीच्या पावत्यांवरून काढा.

पण पैशापेक्षा पाईप स्वस्त पडतो. भराव टाकायच्या आधी रस्त्याखालून एक मोठ्या व्यासाचा सिमेंटचा पाईप आडवा टाकून ठेवला तर त्यातून तुमची लाईन, शेजाऱ्याची लाईन, उद्याची केबल, सगळं जातं. भराव चढल्यावर तोच पाईप लाखांचं आणि वर्षभराचं काम होतं. तुमच्या गावात अशी तुटलेली शेतं दहा-बारा तरी असतील. समितीची खरी ताकद मला इथे दिसते. प्रांताधिकाऱ्यांना आणि रस्त्याच्या प्रकल्प संचालकांना एकच संयुक्त अर्ज द्या. सोबत गाव नकाशावर लाल पेनाने कुणाची विहीर कुठे आणि बाग कुठे ते दाखवा, आणि पाईप कुठून हवा त्या जागी फुली मारा. ट्रॅक्टर पलीकडे नेण्यासाठी शिवरस्त्यावर भुयारी मार्ग मागा. केळीचा ट्रक बांधापर्यंत पोहोचला नाही की व्यापारी भाव पाडतो, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. नवतीच्या, म्हणजे नव्या लागवडीच्या मालाला वापसीच्या, म्हणजे नाकारलेल्या मालाच्या भावाने बोली लागते. पावसाचं पाणी आज ज्या नाळीतून वाहतं तीही नकाशावर दाखवा. आराखडा करणाऱ्या इंजिनिअरला तुमच्या शेताचा उतार ठाऊक नसतो आणि भरावाने अडलेल्या पाण्यात केळीची मुळं कुजतात.

आणखी एक वाट आहे. रस्त्याने शेत कापलेला शेजारी तुम्हाला असेलच. त्याची विहीर पश्चिमेला आणि जमिनीचा तुकडा पूर्वेला पडला असेल तर नोंदणीकृत दस्ताने अदलाबदल करा. तुमचा सव्वा एकर त्याला, त्याचा सव्वा एकर तुम्हाला, आणि पाण्याचा हिशेब लिहून घ्या. तुकडेबंदीची आणि क्षेत्राची अडचण येते का ते आधी तलाठ्याकडे विचारा. भावकीचं भांडण असेल तर हे होणार नाही, हेही मला कळतं.

जिरायत-बागायतचा घोळ बहुतेक पीकपाहणीत झालेला असणार. ई-पीक पाहणी मोबाईलवर आल्यापासून पुष्कळ शेतकऱ्यांनी ती 'पोरगा करेल' म्हणून सोडून दिली आणि सातबाऱ्यावर पिकाची जागा कोरी राहिली. केळी होती हे सिद्ध करणारे बाकीचे कागद मात्र तुमच्या घरातच आहेत: कृषी पंपाचं वीजबिल, ठिबकच्या अनुदानाची फाईल, हवामान आधारित फळपीक विम्याची पावती, सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा, टिश्यूकल्चर रोपांची बिलं. हे सगळं एका फायलीत लावा. ताबा जायच्या आधी पंचनामा मागा. त्यात खोडांची संख्या, बाग नवती आहे की पील (खोडव्याची), घडावर आली आहे का, जाणाऱ्या पट्ट्यातली ठिबकची लांबी, सगळं लिहून घ्या आणि तारखेसह फोटो काढा.

रकमेचं गणित एकदा स्वतः मांडून बघा. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे आणि केंद्राच्या २०१५ च्या आदेशाने त्यातली मोबदल्याची आणि पुनर्वसनाची परिशिष्टं महामार्गांच्या संपादनालाही लागू झाली. समजा एकराचा बाजारभाव २० लाख धरला आणि त्यावरची झाडं, पाईप, बांधकाम ५ लाखांचं. ग्रामीण भागात बाजारभावाला १ ते २ चा गुणांक लागतो. गुणांक २ असेल तर ४० अधिक ५ म्हणजे ४५, त्यावर तितकीच दिलासा रक्कम, एकूण ९० लाख. गुणांक १ असेल तर तीच बेरीज ५० वर येते. शिवाय मूळ बाजारभावावर थ्री-एच्या तारखेपासून निवाडा किंवा ताबा, जे आधी होईल तोपर्यंत, वर्षाला १२ टक्के वेगळे. हे आकडे मी नुसते समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या शिवाराचा भाव वेगळा असेल. तुमच्या निवाड्यात गुणांक कोणता धरलाय आणि कोणत्या आदेशावरून, ते पान शोधा. दिलासा रक्कम नुसत्या जमिनीवर लावली आहे का जमीन आणि मालमत्ता दोन्हींच्या बेरजेवर, तेही तपासा.

बाजारभाव कसा काढतात, यावर थोडं कडू बोलतो. थ्री-एच्या आधीच्या तीन वर्षांत परिसरात तशाच जमिनीची जी खरेदीखतं झाली, त्यातली जास्त भावाची निम्मी घेऊन सरासरी काढतात, ती रेडीरेकनरशी, म्हणजे सरकारी दरतक्त्याशी, ताडतात आणि जास्त असेल ती रक्कम धरतात. आता प्रामाणिकपणे सांगा, आपल्या शिवारात खरेदीखतावर खरा भाव कोण लिहितं? तीस लाखांचा व्यवहार, कागदावर बारा, बाकी पिशवीतून. मुद्रांक शुल्क वाचवल्याचा आनंद तेव्हा झाला, त्याची वसुली आता महामार्गाने केली. हे तुमचं एकट्याचं पाप नाही, सगळ्या शिवाराचं आहे. तरी दुय्यम निबंधक कार्यालयातून त्या तीन वर्षांच्या खतांची यादी समितीने एकत्रच काढावी. बागायत जमिनीची दोन-तीन खरी खतं सापडली तरी लवादापुढे पुष्कळ फरक पडतो.

तहसील कचेरीच्या बाहेर टक्केवारीवर काम करणारे भेटतील. 'वाढवून आणतो, वाढीतले वीस टक्के माझे' म्हणतील आणि सहीचा कोरा चेक मागतील. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून केस घेणं वकिलाला नियमाने चालत नाही, आणि जो वकीलच नाही त्याला तर बोलायचीही गरज नाही. फी ठरवा, पावती घ्या.

आता बहिणी. इथे तुमच्या धाकट्या भावाचं म्हणणं मला पटलेलं नाही. २००५ च्या दुरुस्तीपासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, आणि वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात होते की नाही याने फरक पडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. तुमच्या सातबाऱ्यावर तर त्यांची नावंही आहेत. 'लग्नात दिलं ना' हे वाक्य कोर्टात चालत नाही, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) त्या माहेरी आल्या की ताटावर बसून तुम्हालाही ते बोलवणार नाही. व्यवहाराच्या बाजूनेही बघा. हिश्शांवरून वाद झाला तर निवाडा देणारे सक्षम अधिकारी तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवू शकतात. मग पैसे कोर्टात आणि तुम्ही तारखांवर. त्यापेक्षा एका संध्याकाळी चौघं भावंडं आणि आई बसा. मोबदल्यातून आधी बोअर, ठिबक आणि पाईप यांचा खर्च बाजूला काढा, कारण त्यावर उरलेली शेती तगणार आहे आणि त्या शेतीतही बहिणींचा हिस्सा आहे. बाकीचे समान हिस्से करा. एखादी बहीण आपणहून 'मला नको' म्हणाली तर ती गोष्ट वेगळी. पण पैसे हातात यायच्या आठवड्यात समोर ठेवलेल्या हक्कसोडीला राजीखुशी म्हणता येत नाही.

मुलाच्या ढाब्याबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यरेषेपासून ४० मीटरपर्यंत बांधकाम करता येत नाही आणि ७५ मीटरपर्यंत नियंत्रण असतं. रस्त्यावर गाडी उतरवायला वेगळी परवानगी, जमिनीच्या बिनशेती वापराचे नियम आणखी वेगळे. काही नव्या महामार्गांना तर शेताकडून गाडी चढवायला-उतरवायला वाटच नसते. त्याला म्हणावं, आधी रस्त्याचा आराखडा आण, त्यात आपल्या जागी सर्व्हिस रोड आहे का ते दाखव, मग भरताची चव ठरवू. रक्कम सहा महिने बँकेत ठेवली तर कुणाचं बिघडत नाही. शेतजमिनीच्या संपादनाच्या मोबदल्यातून उगमकर (टीडीएस) कापायचा नसतो. कापला असेल तर सनदी लेखापालाला भेटा.

ज्यांच्या गावात अजून नुसती चर्चा चालली आहे, दगड रोवायला माणसं आली आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट. रस्ता कुठून जावा यावर बोलायची खरी वेळ थ्री-एच्या आधी आणि त्यानंतरच्या २१ दिवसांत असते. अधिसूचनेचा मजकूर दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक मराठी. त्यात तुमचं नाव मोठ्या अक्षरात नसतं, गट नंबरांची बारीक यादी असते, ती वाचा. 'रस्ता नको' एवढ्या हरकतीवर कुणी थांबत नाही. 'आमच्या गटात विहीर आहे, दोनशे मीटर उत्तरेला पडीक आहे, हा नकाशा' अशी हरकत असेल तर अधिकाऱ्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. संयुक्त मोजणीला घरातलं जाणतं माणूस हजर ठेवा आणि विहीर, बोअर, झाडं, गोठा उतरवून घेतल्याशिवाय मोजणीच्या कागदावर सही करू नका. चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्याकडच्या किंवा नंदुरबारच्या अनुसूचित गावात असाल तर ग्रामसभेशी सल्लामसलत व्हायला हवी, ती झाली का ते विचारा.

शेवटचा मुद्दा तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीतला. तुमचा सालदार.

त्या दोन खोल्यांची किंमत निवाड्यात तुमच्या नावे आली असेल आणि ते बरोबरच आहे, भिंती तुमच्या आहेत. पण २०१३ च्या कायद्यात बाधित कुटुंब म्हणजे नुसता सातबारावाला नव्हे. संपादनाआधी तीन वर्षं ज्याचं पोट मुख्यतः त्या जमिनीवर चालत होतं असा शेतमजूरही त्यात येतो. तीन वर्षं सलग तिथे राहत असलेलं आणि स्वतःची घरजागा नसलेलं कुटुंब हटवलं गेलं तर त्याला घर देण्याची तरतूद दुसऱ्या परिशिष्टात आहे. शिवाय विस्थापित कुटुंबाला वर्षभर महिना ३,००० रुपये निर्वाहभत्ता, सामान हलवायला ५०,००० आणि पुनर्वसनाचे एकरकमी ५०,०००. रस्त्याच्या संपादनात या रकमा सहसा कुणी मागत नाही, कारण ज्याला मागायच्या असतात त्याला निवाड्याची नोटीसच येत नाही.

तो किती वर्षं तुमच्याकडे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. आखाजीला सालाचा हिशेब होतो, तेव्हाच्या उचलीच्या वह्या घरात असतील. मागच्या तीन-चार वर्षांच्या शोधा. पोरं गावच्या शाळेत असतील तर पटावरची नोंद, आणि त्याचं मतदान कार्ड किंवा रेशनकार्ड जिथलं असेल तिथलं, हे सगळं जोडून त्याच्या नावाचा वेगळा अर्ज लिहा. त्याला सोबत घेऊन प्रांत कचेरीत जा आणि पोच त्याच्या हातात द्या. साठ दिवसांतले किती उरलेत ते मोजून ठेवा, त्या खोल्या रिकाम्या करायच्या आधी हे व्हायला हवं.